पेडल सोडलं की खरखर, दाबलं की गप्प: नव्या गाडीतला क्लचचा आवाज

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी, पाच गिअरची मॅन्युअल, मीटरवर १,८०० किलोमीटर. रोजचा रस्ता कांदिवली ते पवई. सकाळी सोसायटीतून निघताना काही नसतं, पण सीप्झपर्यंत पोचलात की सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, क्लचवरून पाय काढला की पुढून बारीक खरखर येते. पेडल दाबलं की लगेच बंद. शिवाय सकाळी पहिले काही वेळा क्लच दाबताना 'चूंऽऽ' असा आवाज येतो. वर्कशॉपमध्ये दोनदा दाखवलंत, दोन्ही वेळा 'नॉर्मल आहे मॅडम' ऐकून परत आलात. वर सल्ला मिळाला की सिग्नलला क्लच दाबूनच ठेवा, म्हणजे आवाज येणार नाही. दीर म्हणतात रिलीज बेअरिंग गेलंय, बाहेर गिअरबॉक्स उतरवून बघून घ्या.

मी एकतीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली शेवटची अठरा विक्रोळीत स्वतःच्या गॅरेजात. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, खरखर बहुतेक निरुपद्रवी आहे, 'चूं' हा आवाज क्लचचा नसून पेडलचा आहे, आणि दीरांचं निदान इथे लागू पडत नाही. पण सगळ्यांत जास्त खटकला तो क्लच दाबून ठेवण्याचा सल्ला. ज्या आवाजाने गाडीचं काही बिघडत नाही तो ऐकू येऊ नये म्हणून तुम्हाला अशी सवय लावायला सांगितलं, की जिच्यामुळे पुढे खरंच बेअरिंग जाईल. तो सल्ला आजपासून सोडा. का, ते खाली सांगतो.

गॅरेजात येणारा प्रत्येक जण आवाजाची नक्कल करून दाखवतो आणि मी ती मन लावून ऐकतो. खरखर, घरघर, करकर, चिरचिर, खडखड, आपल्याकडे आवाजांना शब्द काही कमी नाहीत. तरी एकाची खरखर ती दुसऱ्याची घरघर असते. म्हणून नक्कल ऐकून झाली की मी विचारतो: आवाज आला तेव्हा डावा पाय कुठे होता? पूर्ण वर, पेडलवर नुसता टेकलेला, अर्ध्यात, की तळाला? इंजिन चालू होतं की बंद? एवढं नीट कळलं तर निम्म्याहून जास्त वेळा गाडी न उघडता उत्तर मिळतं. तुम्ही हे कोणी न विचारता लिहिलंत, म्हणून मी लांबून इतकं बोलू शकतोय.

क्लचची रचना डोळ्यांपुढे आणा. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असतं, म्हणजे एक जाडजूड लोखंडी चाक. त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट, दोन तळहातांमध्ये थाळी दाबून धरावी तशी. थाळीच्या मधल्या भोकात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसतो. पेडल वर असताना तळहात घट्ट. इंजिन फिरलं की थाळी फिरते, थाळीबरोबर शाफ्ट, आणि शाफ्टबरोबर गिअरबॉक्समधले गिअर, गाडी न्यूट्रलमध्ये असली तरीही. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर दाब देतं, तळहात सैल होतात, थाळी सुटते आणि एक-दोन सेकंदांत शाफ्ट थांबतो.

आता तुमचा आवाज याच्यावर ठेवून बघा. पेडल दाबल्यावर जे थांबतं, त्याच्यातून तो येतोय. थांबतं काय? प्लेट, इनपुट शाफ्ट, त्याचं बेअरिंग आणि गिअर. रिलीज बेअरिंगवर खरा भार येतो तो उलट पेडल दाबल्यावर. ते खराब असतं तर दाबल्यावर आवाज सुरू झाला असता किंवा वाढला असता. तुमचा तर बंद होतो. दीरांचं निदान मी मानत नाही ते यामुळे.

मग खरखर कशाची? इंजिनचं फिरणं आपल्याला सलग वाटतं, पण ते धक्क्याधक्क्याने होतं. तीन सिलिंडरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत तीन वेळा पेटतं. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला २० धक्के. चार सिलिंडरमध्ये तेच २७ च्या आसपास जातात आणि फिरणं जास्त सलग होतं. न्यूट्रलमध्ये गिअरच्या जोड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टवर मोकळा फिरत असतो. दातांमध्ये केसाएवढी फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम झाल्यावर ते एकमेकांत आवळतील आणि तेलाला शिरायला जागा राहणार नाही. इंजिनचा धक्का आला की दात पुढच्या दातावर आपटतो, मागे येतो, पुन्हा आपटतो. पाच जोड्या, सेकंदाला वीस वेळा. डब्यात मूठभर हरभरे घालून हलवावेत तसा आवाज होतो. क्लच प्लेटच्या मधोमध ज्या छोट्या स्प्रिंगा दिसतात त्या हेच धक्के गिळण्यासाठी असतात. पण त्या सगळेच गिळू शकत नाहीत, आणि तीन सिलिंडरच्या गाडीत त्यांच्यावर काम जास्त पडतं.

सकाळी आवाज का नसतो, तेही यातच आलं. रात्रभर उभ्या गाडीत गिअर ऑइल थंड आणि दाट असतं, मोकळ्या गिअरना ते जरा धरून ठेवतं. वेस्टर्न एक्स्प्रेसवरून जोगेश्वरीला वळून सीप्झपर्यंत पाऊण तास रखडत गेलात की तेल गरम होऊन पातळ होतं, गिअर मोकळे होतात आणि खरखर सुरू. एसी चालू-बंद केल्यावर इंजिनवरचा भार बदलतो, त्यानेही ती कमी-जास्त होते.

खात्री करायची तर पार्किंगमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, पण गाडी गरम असताना करा. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल, पाय पेडलवरून पूर्ण बाजूला, एसी आणि ब्लोअर बंद, काचा खाली. खरखर ऐकू आली की ॲक्सिलरेटर अगदी हळू दाबत इंजिनचे फेरे मिनिटाला १,५०० पर्यंत न्या. गिअरची खरखर असेल तर ती १,२००-१,३०० च्या पुढे विरून जाते, कारण धक्के इतके जवळजवळ येतात की फिरणं बऱ्यापैकी सलग होतं. इनपुट शाफ्टचं बेअरिंग खराब असेल तर मात्र उलट होतं. तो आवाज विरत नाही, रेस वाढेल तसा त्याचा सूर चढत जातो. घरघर किंवा पिठाच्या गिरणीचा पट्टा लांबून ऐकू यावा तसा सूंऽऽ असा आवाज, आणि तो गाडी चालवतानाही मागे लागतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरला तर नक्कीच. दोन महिन्यांच्या गाडीत हे क्वचित होतं, पण होतच नाही असं मी म्हणणार नाही. बेअरिंग बसवतानाच तिरपं बसलं किंवा त्यात कचरा गेला तर नव्या गाडीतही घरघर येते. अशा वेळी 'नॉर्मल आहे' हे उत्तर घेऊन परत यायचं नाही.

मी काम शिकलो कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत, पद्मिनी टॅक्सींवर. उस्ताद लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक बेल हाउसिंगवर, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरवर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानाच्या हाडाला लावायचे. डोळे मिटून दोन मिनिटं बसायचे. इंजिनचा गोंगाट मागे पडतो आणि धातूच्या आतलं ऐकू येतं. ती पद्धत मी आजही वापरतो, फक्त आता मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो. पद्मिनीत न्यूट्रलची खरखर कुणी विचारायलाच यायचं नाही, कारण पत्रा, सीट, दारं, सगळंच त्याहून मोठ्याने बोलत असायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. आजच्या गाड्या इतक्या शांत आहेत की पूर्वी बुडून जाणारा बारीक आवाज आता कानात भरतो. नव्या गाडीवाल्याला तो ऐकू येतो हे साहजिक आहे. त्याला वेड्यात काढणं बरोबर नाही.

एक चूक माझ्या हातून झालेली आहे, ती सांगितलीच पाहिजे, कारण ती तुमच्याशी जुळते. २०११ च्या सुमारास मुलुंडचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले: न्यूट्रलमध्ये खडखड, क्लच दाबला की बंद. मी वर सांगितलेलाच हिशेब मांडला, आवाज गिअरच्या खरखरीपेक्षा कडक होता म्हणून इनपुट बेअरिंग धरलं, आणि गिअरबॉक्स उतरवला. दिवस गेला. बेअरिंग चकचकीत, बोटाने फिरवलं तर लोण्यासारखं. सगळं पुन्हा जोडलं, गाडी चालू केली, खडखड तशीच. मग गाडीखाली झोपून एकेका वस्तूला हात लावत गेलो. सायलेन्सरच्या पाइपवर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो, त्याचा एक बोल्ट ढिला होता. जाड मोजा घातलेल्या हाताने पत्रा दाबला आणि आवाज थांबला. क्लच दाबला की इंजिनवरचा थोडा भार कमी होतो, आयडलिंग किंचित बदलतं, आणि तेवढ्यानेच पत्र्याचं थरथरणं थांबत होतं. दहा नंबरचा एक बोल्ट. त्या गृहस्थांकडून मी पैसे घेतले नाहीत, पण त्यांचा दिवस आणि माझा विश्वास गेला तो गेलाच. तेव्हापासून गिअरबॉक्सला पाना लावण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन पत्रे, स्प्लॅश गार्ड आणि इंजिन माउंटिंग हाताने तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुमच्या गाडीचंही वर्कशॉपला आधी हेच करायला सांगा.

आता त्या सल्ल्याबद्दल. सिग्नलला क्लच दाबून ठेवला की खरखर बंद होते, हे खरं. पण त्या वेळी रिलीज बेअरिंग पूर्ण भाराखाली फिरत राहतं. शिवाय पेडलचा दाब प्रेशर प्लेटमधून क्रँकशाफ्टवर जातो आणि त्याला पुढच्या बाजूला रेटत राहतो. तो रेटा झेलायला इंजिनमध्ये थ्रस्ट वॉशर असतात, आणि तिथपर्यंत झीज पोचली तर काम इंजिनचं होतं. गिअर बदलताना सेकंद-दोन सेकंद हा भार येणं ठीक, त्यासाठीच ते भाग बनवलेत. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) रोज जाऊन-येऊन सिग्नलला आणि ट्रॅफिकला पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं होतं असं धरा, आणि तेवढा वेळ रोज पेडल तळाला. आजकाल बऱ्याच गाड्यांत रिलीज बेअरिंग आणि त्याला ढकलणारा सिलिंडर हा एकच भाग असतो, बेल हाउसिंगच्या आत बसवलेला. तो बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. म्हणून सिग्नल लांबचा असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक, पाय पूर्ण बाजूला. खरखर ऐकू येईल, येऊ द्या.

पेडलवर पाय टेकवून गाडी चालवण्याची सवय असेल तर तीही सोडा. पाय टेकवला की पाकळ्यांवर थोडा दाब राहतो, प्लेट नकळत घसरते. मुंबईत ही सवय सगळ्यांनाच लागते, कारण पुढचा कधी थांबेल सांगता येत नाही. पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं हे त्याहून वाईट. तिथे हँडब्रेक ओढा आणि गाडी ओढ घेते असं वाटलं की मग सोडा.

सकाळच्या 'चूं'कडे येतो. ही तपासणी मला फार आवडते, कारण तिला कानापेक्षा बोटं जास्त उपयोगी पडतात. सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन बंद. दार उघडून बाहेर उकिडवं बसा आणि उजव्या हाताने क्लचचं पेडल हळूहळू खाली दाबा. पायाला कधी कळणार नाही ते हाताला कळतं. डाव्या हाताची दोन बोटं पेडल जिथे वर फिरतं तिथे, बिजागरीपाशी ठेवा. मोबाइलचा टॉर्च लावला तर तिथे एक जाड स्प्रिंग दिसेल, आणि पेडलच्या दांड्यातून पुढे इंजिनकडच्या भिंतीत जाणारी सळई. 'चूं' वाजला त्याच क्षणी बोटांना बारीक थरथर जाणवली तर आवाज तिथलाच, बिजागरीतल्या प्लॅस्टिकच्या बुशचा किंवा स्प्रिंगच्या टोकाचा. थरथर सळईत लागली तर मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचकडे पाठवणाऱ्या भागाचा. बोटांना काही लागत नाही आणि आवाज बॉनेटकडून येतो, असं असेल तर मात्र घरातल्या कुणाला तरी पेडल दाबायला सांगून बॉनेट उघडून गिअरबॉक्सपाशी ऐका. मग तो रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कचा किंवा केबलकडचा असू शकतो. इंजिन बंद असताना आवाज येतो म्हणजे त्याचा फिरणाऱ्या कुठल्याच भागाशी संबंध नाही, एवढं नक्की.

बुश कोरडा असेल तर थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की झालं, पाच मिनिटांचं काम. वॉचमनच्या सांगण्यावरून खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. स्प्रेने असलेलं ग्रीस धुऊन जातं आणि आठवड्याने आवाज दुप्पट येतो. शिवाय खनिज तेल सळईवरून आत उतरून मास्टर सिलिंडरच्या रबरी सीलला लागलं तर ती फुगतात. हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेक ऑइलच असतं आणि त्याची सीलं त्या तेलापुरतीच बनवलेली असतात.

त्याआधी मॅट बघा. नव्या गाडीवर शोरूममध्ये जाड मॅट विकली जाते आणि कंपनीच्या मॅटवरच ती अंथरली जाते. पेडल तिच्यावर घासून 'चूं' वाजतं, आणि तळापर्यंत जातही नाही. क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला किंवा रिव्हर्स टाकताना 'कर्र' होतं, आणि मालक गिअरबॉक्सला दोष देतो. अशा किती गाड्या माझ्याकडे आल्या असतील! मॅट ओढून डिकीत टाकली की गिअर लोण्यासारखा पडतो.

पावसाळ्यात तुम्हाला आणखी एक आवाज भेटणार आहे, तो आत्ताच सांगून ठेवतो. जुलैमध्ये गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या उघड्या लोखंडावर गंजाचा पातळ थर येतो. पहिल्यांदा क्लच सोडताना 'घुर्रर्र' करून गाडी थरथरते. पाच-दहा वेळा क्लच सोडला की थर पुसला जातो आणि सगळं पूर्ववत. २०२० च्या लॉकडाउननंतर जूनमध्ये गाड्या बाहेर निघाल्या तेव्हा काहींची प्लेट फ्लायव्हीलला पार चिकटलेली होती, इंजिन चालू असताना गिअरच पडेना. म्हणून पावसात लांब सुट्टीवर जाणार असाल तर कुणाला तरी मधूनमधून गाडी थोडी फिरवायला सांगा, नुसतं स्टार्ट करून ठेवण्यापेक्षा ते बरं. आणि पाणी साचलेल्या रस्त्यातून, मिलन सबवे असो की अंधेरी सबवे, चाकाच्या मध्याच्या वर पाणी दिसलं तर नव्या गाडीने जाऊच नका. बेल हाउसिंगला खाली फट असते. गढूळ पाणी आत गेलं की रिलीज बेअरिंगमधलं ग्रीस खराब होतं, आणि 'चिर्रर्र' तेव्हा लगेच येत नाही, दिवाळीच्या आसपास येतो. तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

बाकीचे आवाज झटपट. पेडल दाबताना डॅशबोर्डखाली 'टिक' होतं तो क्लचचा स्विच, इंजिन स्टार्ट करायला लागतो, चांगला आहे. रिव्हर्समध्ये मागे जाताना ऊंऽऽ असा चढता सूर येतो कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, बाकीच्या गिअरसारखे तिरपे नसतात. रिव्हर्स टाकताना 'कर्र' होत असेल तर क्लच पूर्ण दाबून तीन सेकंद थांबा आणि मग टाका. तरी झालं तर क्लच नीट सुटत नाही, दाखवा. क्लच सोडताना एकदाच 'धप्' होतं ते बहुतेक इंजिन माउंटिंग.

पण काही खुणा दिसल्या तर चालवत राहू नका. पेडल दाबल्यावर धातूवर धातू घासल्यासारखी करकर. पेडल मऊ पडणं किंवा दाबल्यावर वर न येणं. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली जाणं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते, म्हणून हे ब्रेकच्याही दृष्टीने गंभीर. करपल्याचा वास. चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. यातलं एकही असेल तर गाडी बाजूला घ्या आणि कंपनीच्या रोडसाइडच्या नंबरवर फोन करा, वॉरंटीतल्या गाडीला बहुधा ती सोय असते.

आता वर्कशॉप. बाहेर गिअरबॉक्स उतरवू नका, माझ्याकडेही नाही. वॉरंटीतल्या गाडीचा गिअरबॉक्स बाहेर उघडला की पुढे काहीही झालं तरी बोट तिकडेच दाखवलं जाईल. वॉरंटीची पुस्तिका काढून क्लचबद्दल काय लिहिलंय ते वाचा. क्लच प्लेट बहुतेक ठिकाणी झिजणाऱ्या भागांत धरतात आणि तिची मुदत वेगळी किंवा फार थोडी असते. गिअरबॉक्सचं बेअरिंग त्यात येत नाही. उद्या कुणी 'क्लच वॉरंटीत नाही' म्हणालं तर तुमची तक्रार प्लेटची नाही, न्यूट्रलमधल्या आवाजाची आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

जॉब कार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. सर्व्हिस ॲडव्हायझर 'क्लच नॉईज, चेक' एवढंच टाइप करतो, आणि उत्तरही 'चेक केलं, ओके' एवढंच येतं. तुम्ही सांगा: इंजिन गरम, न्यूट्रल, पेडल पूर्ण वर, आयडलिंगला खरखर, पेडल दाबल्यावर बंद, १,५०० आरपीएमला अमुक होतं. शेवटचं तुमच्या पार्किंगमधल्या तपासणीवरून भरा. सहीआधी वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आधीच्या दोन वेळांची जॉब कार्डं मिळाली असतील तर तीही जपून ठेवा. मिळाली नसतील तर या वेळी कार्ड न घेता गेटबाहेर पडू नका.

आवाज रेकॉर्ड करताना फोन क्लचच्या बाजूला पायाशी ठेवा आणि मोठ्याने बोलत जा: 'सोडला... दाबला... सोडला.' फोनचा माइक आवाज आपोआप लहान-मोठा करतो, त्यामुळे खरखर किती मोठी आहे हे रेकॉर्डिंगवरून ठरवता येत नाही. पायाबरोबर ती येते-जाते का, हे मात्र साफ कळतं.

आणि खरी परीक्षा, जी कुणी आपणहून करून दाखवत नाही: त्याच शोरूमची डेमो गाडी मागा. तेच मॉडेल, तेच इंजिन, मॅन्युअल. तुमची गाडी चालवून गरम झालेलीच असेल, त्यांच्या डेमोलाही वीस मिनिटं फिरवून आणायला सांगा. दोन्ही शेजारी उभ्या करा, एसी बंद, न्यूट्रल, आणि तुम्ही व तंत्रज्ञ दोघांनी एकेक करून दोन्ही गाड्यांत बसून ऐका. काउंटरवरच्या माणसाशी बोलून उपयोग नाही, गाडीखाली जाणारा तंत्रज्ञ सोबत हवा.

दोन्ही सारख्याच वाजल्या तर ती त्या मॉडेलची खरखर आहे. बुशला ग्रीस लावून घ्या, पत्रे तपासून घ्या आणि घरी या. डेमो गप्प आणि तुमची वाजतेय असं निघालं, तर दोन्ही गाड्यांचा फरक त्याच जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि गिअरबॉक्स उतरवायची परवानगी मागितली तर बिनधास्त द्या. त्या दिवशी तो त्यांच्या लिफ्टवर, त्यांच्या खर्चाने उतरतोय.